ज्यांचे पुण्यानुमोदन कोणी केले नाही



आपल्या साप्ताहिकाच्या कौटुंबिक पानावर आदरांजलीच्या चौकटी असतात. कोणाचा प्रथम स्मृतिदिन, कोणाचा जलदान विधी व पुण्यानुमोदन. वर फोटो, त्याखाली 'कालकथित' असे लिहून नाव, आणि शेवटी शोकाकुल म्हणून मुले, सुना, जावई, नातवंडे यांची रांग. अनेक वाचक अंक हाती पडला की आधी हेच पान उघडतात. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले कोणी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हाडे झिजवलेले कोणी, घरोघरी धुणीभांडी करून लेकरांना शिकवणाऱ्या कोणी माउली. ज्यांच्या बापजाद्यांना मेल्यावरही कोणी नावाने हाक मारली नाही, त्या समाजाने आपल्या माणसांची नावे छापायला सुरुवात केली, ही साधी गोष्ट नाही.

परंतु या चौकटींमध्ये काही माणसे कधीच येत नाहीत. ती आपल्याच वस्तीत जन्मली, आपल्याच विहारात त्रिशरण-पंचशील म्हणायला शिकली. पण त्यांतला कोणी पुरुष असून त्याचे मन पुरुषावर जडले होते, कोणी स्त्री असून तिने मैत्रिणीबरोबर संसार मांडला होता, कोणी मुलगा म्हणून वाढवली गेली पण मनाने बाई होती आणि शेवटी तृतीयपंथीयांच्या घरात राहायला गेली. अशी व्यक्ती गेली की घरचे लोक उरकून घेतात. चौकट दिलीच तर 'अविवाहित होता' एवढ्यावर आयुष्य संपते. ज्याने आजारपणात उशापायथ्याशी बसून रात्री काढल्या, त्या जोडीदाराचे नाव शोकाकुलांमध्ये नसते. आज आम्ही या माणसांविषयी आणि त्यांच्या बाजूने उभे राहून काळाच्या पडद्याआड गेलेल्यांविषयी लिहिणार आहोत.

जगात अशा मृतांसाठी एक दिवस पाळला जातो. अमेरिकेत बोस्टनजवळ रिटा हेस्टर नावाच्या काळ्या समाजातील पारलिंगी स्त्रीचा २८ नोव्हेंबर १९९८ रोजी खून झाला. पुढच्या वर्षी ग्वेंडोलिन अॅन स्मिथ या कार्यकर्तीने तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी स्मरण सुरू केले. आता २० नोव्हेंबर हा दिवस अनेक देशांत त्यासाठी पाळतात. मेणबत्त्या लावतात, वर्षभरात मारल्या गेलेल्यांची नावे एकेक करून मोठ्याने वाचतात. नाव उच्चारणे हाच तिथला मुख्य विधी. आपल्या लोकांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हा विषय आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांनी जरा १९३४ सालाकडे वळून पाहावे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली, तरी डगमगले नाहीत. जुलै १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढीत. लोक ज्या शंका घरात बोलू शकत नव्हते, वैद्यालाही विचारू शकत नव्हते, त्या ते कर्व्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे सरळ उत्तर देत. सनातन्यांच्या तक्रारीवरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात मुंबई हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

तो काळ लक्षात घ्या. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. आपल्या नाशकात २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाला चार वर्षे होत होती. शत्रू चहूबाजूंनी टपलेले. अशा वेळी बदनामीखेरीज काही पदरात पडणार नाही असा खटला बाबासाहेबांनी घेतला. वाचकांच्या ज्या पत्रांवरून खटला झाला, त्यांत समलिंगी संबंधांविषयीही विचारणा होती. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, लोक शंका विचारत असतील तर त्यांना ज्ञान दिलेच पाहिजे, हा बाबासाहेबांचा मुद्दा होता. हॅवलॉक एलिस या शास्त्रज्ञाचा आधार देऊन त्यांनी असेही मांडले की, एखाद्याची ओढ जन्मतःच तशी असेल तर त्यात त्याचा दोष मानता येत नाही, आणि त्याला आपल्या रीतीने सुख मिळवण्याचा हक्क आहे. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी भर हायकोर्टात या माणसांची बाजू कोणी मांडली, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात कायमचे लिहिले गेले.

रघुनाथराव कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले. बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला नागपुरास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. हा केवळ योगायोग आहे. पण त्या दिवशी निळी पाखरे दीक्षाभूमीकडे निघतात तेव्हा एका क्षणासाठी कर्व्यांचीही आठवण काढली तर बाबासाहेबांना आवडेल, असे आम्हांस वाटते.

बाबासाहेबांच्या त्या अशिलाने जे सोसले, त्याहून भयंकर ७६ वर्षांनंतर एका मराठी माणसाने सोसले. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरास हे मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. कवी होते. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्या घरात घुसली आणि एका रिक्षाचालकाबरोबर असताना त्यांचे चित्रण केले. घरात घुसणाऱ्यांना जाब विचारण्याऐवजी विद्यापीठाने सिरासांनाच निलंबित केले. निवृत्तीला काही महिनेच राहिले होते. दिल्ली हायकोर्टाने २ जुलै २००९ रोजीच असे खासगी व संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला होता. सिरास अलाहाबाद हायकोर्टात गेले. १ एप्रिल २०१० रोजी कोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली. ते जिंकले होते. ७ एप्रिलला त्यांच्या भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेह मिळाला.

पुढे हंसल मेहता यांनी 'अलीगढ' हा चित्रपट काढला, मनोज वाजपेयी यांनी सिरासांची भूमिका केली, तेव्हा हे नाव देशाला कळले. परप्रांतात मराठीची पणती तेवत ठेवणारा हा माणूस, पण आपल्याकडे किती वाचनालयांत त्यांचा स्मृतिदिन होतो? आणि तो रिक्षाचालक? तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस. त्या रात्रीनंतर त्याच्या घरात काय घडले असेल, याचा विचार आपण कष्टकऱ्यांनी तरी करावा.

आणखीही नावे आहेत. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' हे नाटक आणले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या तरुणीची व्यथा त्यांनी मराठी रंगमंचावर अशा काळी मांडली की, त्याविषयी कुजबुजसुद्धा होत नव्हती. ते २००८ च्या मे महिन्यात गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाटककार चेतन दातार गेले. त्यांच्या 'एक माधवबाग' मध्ये मुलाची डायरी हाती लागून एका आईला त्याचे सत्य कळते. ती आई पुढे काय करते, हा त्या नाटकाचा गाभा. प्रत्येक आईने ते नाटक पाहावे असे आहे.

दिल्लीत सिद्धार्थ गौतम नावाचा तरुण वकील होता. एड्सग्रस्तांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' उभे करणाऱ्यांपैकी तो एक. या संघटनेने १९९१ साली भारतातील समलिंगी नागरिकांच्या स्थितीवर अहवाल काढला. लगेच जानेवारी १९९२ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सिद्धार्थ गेला. त्याच्या सोबत्यांनी १९९४ साली कलम ३७७ विरुद्ध देशातील पहिली याचिका दाखल केली. शेजारच्या गोव्यात डॉमिनिक डिसूझा यांना १९८९ साली एचआयव्हीची लागण आढळली म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवले होते. रक्तदान करायला गेलेल्या माणसाला मिळालेले हे फळ. ते कोर्टात लढले, 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ च्या मे महिन्यात गेले. गोव्याचेच वेंडेल रॉड्रिक्स कपड्यांचे मोठे कलावंत, २०१४ चे पद्मश्री. आपल्या पुरुष जोडीदाराबरोबर ते उघडपणे, मानाने राहिले. १२ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

आणि आपल्या नाशिकचे राजीव पाटील. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या जीवनावर त्यांनी 'जोगवा' हा चित्रपट केला. धडधाकट तरुणाला लुगडे नेसवून देवीला वाहायचे, मग त्याने जन्मभर परडी घेऊन दारोदार फिरायचे. प्रत्येक जोगता तृतीयपंथी असतो असे नाही. काहींवर ते लादलेले असते, काहींना मात्र त्या लुगड्यातच आपले खरे रूप सापडते. पण समाज दोघांनाही सारखेच हसतो. या चित्रपटाला सामाजिक प्रश्नावरील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, उपेंद्र लिमये यांना अभिनयाचा. राजीव पाटील ३० सप्टेंबर २०१३ रोजी चाळिशीतच गेले. देवाच्या नावावर माणूस वाहून टाकण्याची चाल कोणाच्या घरांतून पुरवठा घेत होती, हे आपल्या वाडवडिलांना पुरते ठाऊक होते. म्हणून हा चित्रपट आपलाही आहे.

इतिहासाचा आणखी एक धागा सांगतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, कंजारभाट यांच्यासारख्या जमातींना अशाच कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले, हे आपण भाषणांत ऐकतो. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्यांची नोंदवही ठेवायची, बायकी वेशात रस्त्यावर नाचगाणे केले तर पकडायचे. विमुक्तांच्या पाठीवर आणि तृतीयपंथीयांच्या पाठीवर एकाच कायद्याचा आसूड होता. मग आपला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न वेगळा कसा?

काही वर्षांपूर्वी आम्ही नाशकातीलच एका वस्तीत जलदान विधीला गेलो होतो. गेलेली व्यक्ती तृतीयपंथी. मांडवात तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी लावलेला फोटो शाळेतला, सोळा वर्षांच्या मुलाचा. त्यानंतरची वीस वर्षे जणू घडलीच नव्हती. तिच्या चार सोबतिणी पांढऱ्या साड्या नेसून सार्वजनिक नळाजवळ उभ्या होत्या. आत यायची त्यांची छाती होईना, आणि आतून कोणी बोलवीना. दवाखान्याचे बिल त्यांनीच वर्गणी काढून भरले होते, हे मांडवात सगळ्यांना माहीत होते. शेवटी गेलेल्या व्यक्तीची आत्या उठली. सत्तरी ओलांडलेली बाई. नळाजवळ जाऊन म्हणाली, "या गं पोरींनो, तुमच्याबिगर तिला पाणी कोण देणार?" चौघीजणी आल्या. बौद्धाचार्यांनी शांतपणे पहिल्या रांगेत जागा करून दिली. एकीने पिशवीतून फोटो काढला, साडीतला, हसरा. तो शाळेतल्या फोटोशेजारी ठेवला गेला. वडील काही बोलले नाहीत. पण विधी झाल्यावर दोन्ही फोटो त्यांनी एकाच फडक्यात गुंडाळून घरात नेले.

आत्याबाईंनी कोणता ग्रंथ वाचला नव्हता. कोणी कोणासाठी काय केले, एवढाच त्यांचा हिशेब होता आणि तो बिनचूक होता.

काही वाचक म्हणतील, ही श्रीमंतांची थेरं आहेत. असे नाही. पैसेवाल्याला वेगळे घर घेता येते, परदेशी जाता येते. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या पोराला लपायलाही कोपरा नसतो. काही म्हणतील, हा आजार आहे, लग्न लावले की बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी ओढ आजारांच्या यादीतून काढली. ती 'सुधारण्याचे' उपचार करणे ही डॉक्टरांची गैरवर्तणूक आहे, असे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कळवले. आणि लग्नाचे म्हणाल तर, त्या लग्नात दुसऱ्याची लेक बळी जाते. आपल्या मुलाची लाज झाकण्यासाठी परक्याच्या मुलीचे आयुष्य घेणे कोणत्या पंचशीलात बसते?

कायद्याचेही ऐकून ठेवा. १५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असे ठरवले. या निकालात न्यायमूर्तींनी संवैधानिक नैतिकतेचा आधार घेतला. हा विचार बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मांडला होता. बहुसंख्यांना काय आवडते यावर माणसाचा हक्क ठरत नाही, घटना काय सांगते यावर ठरतो. १९३४ साली हायकोर्टात हरलेले बाबासाहेब २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकले, असे आम्ही मानतो. मात्र समलिंगी विवाहास मान्यता देण्यास १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने नकार दिला.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो? आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून कागदाचे बोलतो. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याचे सारे रक्ताच्या व लग्नाच्या नात्यांत जाते, वीस वर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराला कपाटाची किल्लीही मिळत नाही. तेव्हा मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्या दोघांनीही सह्या करायच्या. मृत्युपत्राने ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. बँकेत जोडीदाराबरोबर संयुक्त खाते उघडण्यास किंवा त्याचे नामांकन करण्यास काहीही बंधन नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पण नामांकन म्हणजे मालकी नव्हे, म्हणून मृत्युपत्रही हवेच. भविष्य निर्वाह निधीच्या नामांकनात कुटुंबाच्या व्याख्येची अट असते, तो अर्ज कार्यालयात विचारूनच भरावा.

त्याच ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र लिहिले. त्यात, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशी तरतूद करण्यास सांगितले. शवागाराच्या दारात 'तू कोण लागतोस?' या प्रश्नापुढे मुके उभे राहिलेल्यांचे दुःख सरकारच्या कानी पोहोचले, एवढे तरी यावरून दिसते. पण नातेवाईक हजर असताना जोडीदाराला मान द्यायचा की नाही, हे पत्र ठरवीत नाही. ते आपण ठरवायचे आहे.

किसा गोतमीची कथा आपण लेकरांना सांगतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती मोहरी मागत दारोदार फिरली. ज्या घरात कोणी मेले नाही असे घर तिला मिळाले नाही. आमचे म्हणणे असे की, आपल्या वस्तीत फिरून 'आमच्या खानदानात असा कोणी झाला नाही' असे छातीठोक सांगणारे घर शोधले, तर तेही मिळणे कठीण. मुंबईला गेला तो परतलाच नाही असा एक काका, लग्न न करता मैत्रिणीकडेच राहिलेली एक मावशी, 'नाच्या' म्हणून ज्याला हसलो तो चुलत आजा. आठवून पाहा.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी. येत्या २० नोव्हेंबरला विहारात संध्याकाळच्या वंदनेनंतर पाच मिनिटे काढा. कर्वे, सिरास, सिद्धार्थ गौतम, राजीव पाटील यांची नावे घ्या, आणि ज्यांना आपल्या घरातली अशी एखादी व्यक्ती आठवते त्यांनी तिचेही नाव घ्यावे. मोठ्याने जमले नाही तर मनात घ्यावे. घरात असे माणूस गेले असेल आणि त्याच्या स्मृतिदिनाची चौकट द्यायची असेल, तर ज्या नावाने ते जगले ते नाव लिहा, शेवटच्या काळातला फोटो द्या, आणि शोकाकुलांच्या यादीत ज्याने सेवा केली त्याचे नाव आधी घाला.

आणि असे माणूस घरात अजून हयात असेल, तर चौकटीची वाट कशाला पाहता? आजच निरोप धाडा, रविवारी जेवायला बोलवा. जोडीदारासह या म्हणावे.

जयभीम!